सहानंतर उपस्थित: निरंक

सेवापुस्तकातली नोंद अशी आहे. नाव: पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असून गेल्या सत्तावीस वर्षांत कोणीही वापरलेलं नाही. हुद्दा: तारतंत्री, श्रेणी दोन. उंची: पाच फूट एक इंच. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना व्रण. नेमणुकीचे ठिकाण: जमीनमोजणी खाते, मुख्य कचेरी, मजले सात, जिना एक, लिफ्ट एक (बहुधा बंद). कर्तव्ये: इमारतीतील दिवे आवश्यकतेनुसार लावणे व आवश्यकतेनुसार मालवणे. बक्षिसे: निरंक. शिक्षा: निरंक. वर्तणूक: समाधानकारक.

आवश्यकता कोणाची आणि ती ठरवायची कोणी, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ती तारतंत्रीबाई ठरवत असत.

सगळी कचेरी त्यांना ‘वहिनी’ म्हणे. कारण त्यांची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणून वहिनी त्यांना ‘वन्सं’ म्हणत. आणि वन्सं याच इमारतीत संध्याकाळच्या सफाईला येत. पहिल्याच वर्षी चौथ्या मजल्यावरचा दिवा उडाला, तेव्हा वन्संनी जिन्यात उभं राहून खाली हाक मारली, “वहिनीऽ, दिवाऽ!” वन्संचा आवाज असा की ही हाक सातही मजल्यांना आपापली वाटली. दुसऱ्या दिवशी शिपाई ‘वहिनी’ म्हणू लागले, मग कारकून, मग लेखापाल, आणि वर्षभरात, वयाने पंधरा वर्षांनी मोठे असलेले एक अधीक्षकसुद्धा फाइलीतून मान न काढता म्हणाले, “वहिनी, पंखा बघता का जरा?”

वहिनींची खोली जिन्याखाली. तिथे भिंतीवर काळा लोखंडी बोर्ड, त्यावर स्विचांच्या नऊ रांगा. सात मजल्यांच्या सात, जिन्याची एक, पोर्चची एक. बोर्डावर चिठ्ठ्या नव्हत्या. वहिनींना त्या लागत नव्हत्या आणि दुसऱ्या कोणाला बोर्डाला हात लावायची परवानगी नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखकबाई साडेसहापर्यंत बसतात, कारण घरी गेलं की सून टीव्ही लावते. पाचव्यावरचे आरेखक नकाशा अर्धवट सोडून उठूच शकत नाहीत. हे सगळं त्या बोर्डावर होतं, फक्त दिसत नव्हतं.

दिवे मालवायची वहिनींची एक पद्धत होती. रोज पावणेआठला जिन्याच्या तळाशी उभं राहायचं आणि वर तोंड करून म्हणायचं, “बंद करतेय हं!” मग मनात वीस आकडे मोजायचे. वरून “थांबा!” आलं तर थांबायचं. आलं नाही तर वरच्या मजल्यापासून एकेक रांग खाली आणत शेवटी जिना. त्या जिन्याला एकही खिडकी नव्हती. इमारतीचा नकाशा काढणाऱ्याने खिडक्या साहेबांच्या केबिनना वाटून टाकल्या होत्या. दिवा गेला की भर दुपारीही तिथे स्वतःचा हात दिसत नसे.

एकदाच चूक झाली होती, तीही वहिनी रजेवर असताना. बदलीवर आलेल्या माणसाने हाक न मारता बोर्ड खाली ओढला. तिसऱ्या मजल्यावर आपल्या शेताची हद्द विचारायला आलेला एक गृहस्थ तासभर स्वच्छतागृहात अडकला. तो कोणाचा तरी मेहुणा निघाला. आठवड्याच्या आत स्थायी आदेश सुटला: ‘अभ्यागत इमारतीत असेपर्यंत, व तो बाहेर गेल्याची नोंद होऊन पंधरा मिनिटे उलटेपर्यंत, जिना व मार्गिका यांतील दिवे कोणत्याही कारणास्तव मालवू नयेत.’ हा आदेश चौकटीत घालून फाटकाशी, अभ्यागतांच्या नोंदवहीच्या डोक्यावर लावला गेला. एकोणीस वर्षं तो तिथे होता. अभ्यागत चारलाच निघून जात असल्यामुळे तो कधी मोडला गेला नाही, आणि वाचलाही गेला नाही. वहिनी सोडून. त्यांना येता-जाता चौकटीवरची धूळ पुसायची सवय होती.

मग ‘वेळापत्रकानुसार स्वयंचलित प्रकाश नियंत्रण’ आलं.

ते आणलं प्रशासन अधिकाऱ्यांनी. कचेरी त्यांना पाठीमागे ‘निरंकसाहेब’ म्हणे. माणूस वाईट नव्हता. कोणताही रकाना रिकामा ठेवू नये आणि शक्यतो भरूही नये, एवढंच त्यांचं जीवनविषयक मत होतं, आणि त्यावर ‘निरंक’ हा शब्द त्यांना फार लवकर सापडला होता. तक्रारी: निरंक. प्रलंबित प्रकरणे: निरंक. एकदा रक्तगटाच्या रकान्यातही त्यांनी तेच लिहिलं होतं.

कंपनीचा इंजिनियर पन्नाशीचा, घाईतला माणूस होता. त्याच्या अंगावर आणखी दोन इमारती होत्या. वहिनींच्या खोलीत काळ्या बोर्डाशेजारी त्याने एक करडं कपाट बसवलं, त्याला छोटी काचेची पाटी, त्यावर हिरवे आकडे. यंत्राशी वहिनींचं भांडण नव्हतं. उलट अंधारून आलं की पोर्चचे दिवे आपोआप लागतात हे पाहून त्या मनापासून खूश झाल्या. सुट्ट्यांची यादी कशी भरायची, वीज जाऊन आली तर घड्याळ मागे पडतं का, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

“ताई, तुम्ही तर माझ्या पोटावर पाय द्याल,” इंजिनियर म्हणाला.

“वहिनी म्हणा. ताई म्हटलं तर मी वळून बघणार नाही. बरं, दिवे जायची वेळ किती घातलीय?”

“सहा. मजले सहाला, जिना सहा पाचला.”

वहिनींनी चष्मा वर सरकवला. “ही वेळ कुणी काढली?”

“कचेरीने कागद दिला.” त्याने पिशवीतून तो काढून दाखवला. कागद नीट बनवलेला होता. हजेरीपटावरून प्रत्येक मजल्यावरचा शेवटचा माणूस केव्हा बाहेर पडतो ते काढलं होतं, त्यात पंधरा मिनिटं मिळवली होती. तळाशी एक ओळ होती: ‘सहानंतर इमारतीत उपस्थित: निरंक.’

हजेरीपट खरंच तसं सांगत होता. आरेखक आणि टंकलेखकबाई हजेरीपटापुरते पावणेसहाला घरी गेलेले असत. आणि संध्याकाळी साडेपाचला येऊन पावणेआठपर्यंत सात मजले झाडणाऱ्या-पुसणाऱ्या अकरा बायका त्यात नव्हत्याच. त्या ठेकेदाराच्या. ठेकेदाराचा हजेरीपट ठेकेदाराच्या घरी.

वहिनी तडक तिसऱ्या मजल्यावर गेल्या. “साहेब, त्या कागदात अकरा माणसं राहिलीत.”

निरंकसाहेबांनी कागद पाहिला. “यात तर सगळे आहेत.”

“सफाईच्या बायका?”

“त्या आपल्या आस्थापनेवर नाहीत, वहिनी. कागदावर सहानंतर इमारतीत कोणी नाही.”

“मग सकाळी तुमचं टेबल लख्ख असतं ते कोण करतं? कागद?”

“चाचणी तर होऊ दे,” साहेब म्हणाले. गोष्ट संपवायची त्यांची ही रीत होती.

चाचणी सोमवारी झाली. सहाला सातही मजले एकदम गेले, सहा पाचला जिना. कोणी हाक मारली नाही. यंत्राला हाक माहीत नव्हती. वन्सं तेव्हा चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये होत्या, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. पाय चुकला. त्या दोन पायऱ्यांवर बसल्या. एक बादली मात्र थेट तळमजल्यापर्यंत गेली, प्रत्येक वळणावर आवाज करत. त्यामागून हाक आली, सत्तावीस वर्षांत तसूभरही न बदललेली.

“वहिनीऽ, दिवाऽ!”

वहिनींनी करड्या कपाटाकडे धाव घेतली. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशातून घरी गेलेली होती. काळ्या बोर्डाच्या तारा दुपारीच काढून कपाटात नेल्या होत्या. त्यांनी स्विच खालीवर केले ते फक्त सवयीने. मग टॉर्च घेऊन त्या वर चढल्या, सातव्या मजल्यापर्यंत. उतरताना पुढे वहिनी, मागे एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात अशा अकरा जणी, मधे वन्सं लंगडत. शेवटच्या वळणावर वन्सं म्हणाल्या, “एवढी मोठी वरात माझ्या लग्नातपण नव्हती.” कोणी हसलं नाही, म्हणून त्या स्वतःच हसल्या.

मंगळवारी सकाळी वहिनींनी तक्रार लिहून दिली. निरंकसाहेबांनी ती दोनदा वाचली.

“ही घेता येणार नाही. पडलेली व्यक्ती त्या वेळी इमारतीत नव्हती.”

“गुडघा एवढा सुजलाय.”

“तो ठेकेदाराचा विषय आहे.” मग त्यांनी खण उघडून दुसरा कागद पुढे सरकवला. “हे महत्त्वाचं. यावर तारतंत्रीची सही लागते. गुरुवारी संध्याकाळी मोठे साहेब येऊन प्रणाली सुरू झाल्याचं जाहीर करणार, त्याआधी हवं.”

दाखला होता. ‘सदर प्रणाली आवश्यकतेनुसार व सर्व स्थायी आदेशांचे पालन करून चालते, असे प्रमाणित करण्यात येते.’ खाली शेऱ्यासाठी जागा, त्यात आधीच ‘निरंक’ टंकून ठेवलेलं.

“मी नाही सही करणार,” वहिनी म्हणाल्या.

“वाचून घ्या, मग करा.”

“वाचूनच म्हणतेय.”

साहेबांच्या केबिनमध्ये ‘नाही’ हा शब्द फारसा येत नसे. त्याला बसायला खुर्ची नव्हती. त्यांनी शांतपणे समजावलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सेवापुस्तक स्वच्छ आहे. या वयात पंपघरावर बदली झाली तर तिथे दिवसभर मोटारीचा आवाज, कानाला बरा नाही. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती, काळजी होती. म्हणूनच वहिनींना घाम फुटला.

“दिवा कुणासाठी लागतो ते मी सत्तावीस वर्षं बघतेय,” त्या म्हणाल्या. “या कागदावर सही केली, तर मी काल अकरा भुतांना खाली आणलं असं होईल.”

दुपारी त्यांच्या हातात ‘कारणे दाखवा’ पडलं. कर्तव्यात कसूर, वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान. खुलासा गुरुवारपर्यंत.

वहिनींचा नवरा एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. त्याने नोटीस दिव्याखाली धरली आणि सवयीने पेन्सिल उचलली. वन्सं कॉटवर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यावर गरम फडकं.

“कर ना सही,” नवरा म्हणाला. “दोनच वर्षं.”

“तुम्ही तुमच्या बहिणीकडे बघून बोला.”

त्याने बहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा नोटीस वाचू लागला. वन्सं म्हणाल्या, “वहिनी, माझ्यासाठी नका हो वाद घालू. मी टॉर्च घेऊन जाईन.”

“दोन हातांत दोन बादल्या. टॉर्च काय दातात धरणार?”

“धरीन. तेवढे दात आहेत अजून.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण एक विचारा हं तुमच्या साहेबांना. मी तिथे नव्हतेच, तर हा गुडघा कुठून सुजवून आणला?”

हाच प्रश्न वहिनींच्या डोक्यात सकाळपासून फिरत होता, फक्त उलट्या बाजूने. माणूस इमारतीत आहे हे कचेरीला कळतं कशावरून? बघून नव्हे. वहीत नाव असलं तर. आणि वही काही एकच नव्हती.

“अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “खुलासा कसा लिहू?”

“लहान लहान वाक्यं लिही,” नवरा पेन्सिल खाली ठेवून म्हणाला. “लांब वाक्यात माणूस सापडतो.” मग, जरा वेळाने, “दोन वर्षांचं काय, जातील पंपघरावर.” त्याच्यापुरता विषय मिटला होता.

बुधवारी साडेपाचला अकरा बायका फाटकाशी आल्या तेव्हा वहिनी तिथे उभ्या होत्या. वन्संही आल्या होत्या, लंगडत. फाटकावरचे पहारेकरीमामा वर्षानुवर्षं या बायकांना मानेने आत घेत.

“मामा, अभ्यागतांची वही द्या.”

“कशाला?”

“या अभ्यागत आहेत.”

मामांनी अकरा जणींकडे पाहिलं. “या? या तर रोज येतात.”

“हजेरीपटावर नाव आहे यांचं?”

“नाही.”

“जिचं नाव हजेरीपटावर नाही आणि जी फाटकातून आत येते, तिला काय म्हणतात? तुमच्या वहीवर छापलंय.”

मामांनी वही उलटून मुखपृष्ठ वाचलं. मग निमूटपणे दोरीला बांधलेलं पेन पुढे केलं. त्यांना वीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं की आपल्या वहीला काही अर्थ आहे.

बायकांनी लिहायला वेळ घेतला. दोघी सही करत नसत, त्यांनी अंगठा दिला. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात वन्संनी लिहिलं, ‘चौथ्या मजल्याचा जिना’. ‘कामाचे स्वरूप’: ‘पुसणे’. तिसरा मजला झाडणारीने लिहिलं, ‘साहेबांची टेबलाखालची टोपली’, आणि कामाचं स्वरूप ‘खाजगी’. आत येण्याची वेळ: पाच पस्तीस. त्या दिवशी दिवे सहालाच गेले. अकरा टॉर्च आणि एक वहिनी यांच्यावर काम भागलं. वन्संनी टॉर्च दातात धरला नाही, कमरेला बांधला. बाहेर पडताना पुन्हा सगळ्यांनी वेळ लिहिली: सात पंचेचाळीस. खाली मामांनी नियमाप्रमाणे बेरीज केली. एकूण अभ्यागत: अकरा. मामांनी ही बेरीज इतकी ठळक लिहिली की मागच्या पानावर उमटली.

गुरुवारी अकराला वहिनी साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या. सोबत इंजिनियर होता, कारण दाखला त्यालाही हवा होता. वहिनींनी खुलासा ठेवला, त्यावर वही उघडून ठेवली, आणि वहीवर फाटकावरची चौकट. चौकटीची काच त्यांनी आधी पुसली होती.

खुलासा चार वाक्यांचा होता. ‘दाखल्यात स्थायी आदेशांचे पालन होते असे लिहिले आहे. बुधवारी सहाला इमारतीत अकरा अभ्यागत होते. दिवे सहाला गेले. म्हणून सही केलेली नाही.’

निरंकसाहेबांनी चौकट वाचली. मग वही. टोपलीच्या ओळीवर ते जरा जास्त थांबले.

“या अभ्यागत नाहीत, वहिनी. हा चक्क खेळ आहे.”

“मग कर्मचारी आहेत?”

“मुळीच नाहीत.”

“कर्मचारी असतील तर हजेरीपटावर घ्या, वेळ बदला. अभ्यागत असतील तर हा आदेश आहे, वेळ बदला. आणि दोन्ही नसतील, तर रोज संध्याकाळी अकरा अनोळखी माणसं तुमच्या केबिनची किल्ली घेऊन आत शिरतात. कोण आहेत ते तुम्ही लेखी द्या. मी ते दाखल्याला जोडते आणि सही करते.”

केबिनमध्ये पंखा फिरत होता. साहेबांनी पेन उघडलं. रकान्यात एक शब्द लिहायचा होता आणि या वेळी त्यांचा तो शब्द चालणार नव्हता. निरंक लिहावं तर अकरा सह्या समोर. त्यांनी पेन पुन्हा बंद केलं.

“यंत्रात वेळ बदलायला किती दिवस लागतात?” त्यांनी इंजिनियरला विचारलं.

“दिवस?” इंजिनियर म्हणाला. “चार बटणं आहेत, साहेब. किल्ली तेवढी द्या.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले.

“पंधरा मिनिटं मिळवायची तर आठ होतात,” वहिनी म्हणाल्या. “आणि आरेखक, टंकलेखकबाई यांचीही फुकटात सोय होते. त्यांना कुठल्याच वहीत घालायला नको.”

साहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली. ती वहिनींच्या हातात दिली नाही, इंजिनियरच्या बाजूला सरकवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुम्हाला एवढा वरचा सूर का लावायचा होता कळत नाही. नीट सांगितलं असतं तर.”

“चाचणीआधीच सांगायला चढून आले होते,” वहिनी म्हणाल्या. “तीन मजले.”

वेळ बदलल्याचं त्यांनी स्वतः कपाटाच्या काचेवर वाचलं, मगच दाखल्यावर सही केली. शेऱ्याच्या जागेतला टंकलेला शब्द खोडून त्यांनी वर लिहिलं: ‘यंत्र हाक मारत नाही.’ इंजिनियरने ते वाचलं आणि आपल्या डायरीत उतरवून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दोन इमारतींतही खिडक्या नसलेले जिने होते.

संध्याकाळी मोठे साहेब आले, बोलले, गेले. अकरा अभ्यागतांनी त्यांच्यामागून पोर्च झाडला. तेव्हापासून अकराही जणी रोज वहीत नाव घालतात. वहिनी पावणेआठला जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वर तोंड करून म्हणतात, “बंद होणारेत हं!” मालवायला हातात काहीच नसतं, तरी वीसपर्यंत मोजतात. हे काम त्यांच्या कर्तव्यांत कुठे बसत नाही, म्हणून त्यांना कोणी थांबवूही शकत नाही.

सेवापुस्तकात त्या महिन्यात सत्तावीस वर्षांतली पहिली नवी नोंद झाली. ‘कर्मचारी वरिष्ठांशी वाद घालते. वर्तणूक: असमाधानकारक. करड्या कपाटाची किल्ली या कर्मचाऱ्याकडे देऊ नये. स्वयंचलित प्रणाली कार्यान्वित झाल्यामुळे दिवे लावण्या-मालवण्याशी सदर कर्मचाऱ्याचा यापुढे संबंध: निरंक.’

जिन्यातले दिवे आठला जातात.